छोट्या मंचावर तंत्रगप्पांची जागा कशी शोधावी

नवीन खातं उघडलं, पहिलं पान पाहिलं, वीसेक पोस्ट दिसल्या. त्यातल्या निम्म्या कालच्या, काही बातम्यांचे नुसते दुवे, आणि एकाच सभासदाच्या सलग पाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माणूस फिरकत नाही, आणि "तिथे काही घडतच नाही" असं मत कायमचं होऊन बसतं. लेमी, लॉब्स्टर्स, टिल्डीज हे चर्चेचे मंच, मास्टोडॉन या ट्विटरसारख्या जाळ्यातले छोटे सर्व्हर, या सगळ्यांबद्दल मी हे ऐकलं आहे, आणि दर वेळी हळहळलो आहे. कारण संगणकाबद्दल गेल्या काही वर्षांत मी जे खरोखर शिकलो, त्यातलं बरंचसं अशाच जागांवर, चार-पाच जणांच्या धाग्यांतून शिकलो.

तिथे घडत असतं, फक्त ते पहिल्या पानावर दिसत नाही. मोठ्या मंचावर तुमची प्रत्येक क्लिक टिपून पुढचं समोर आणून ठेवणारी यंत्रणा असते. छोट्या मंचावर ती नसते, म्हणून शोधायचं काम आपल्याकडे येतं. आणि इथला शोध विषयांच्या यादीपेक्षा माणसांवरून लवकर लागतो: एक चांगला प्रतिसाद गाठायचा, तो लिहिणारा आणखी कुठे बोलतो ते पाहायचं, तिथे जायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या इथपर्यंत पोचण्यासाठी आहेत. रोज वीस मिनिटं आणि साधारण महिनाभराचा धीर, एवढं हाताशी असू द्या.

आधी आपला प्रश्न अरुंद करा

खातं उघडण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. "मला तंत्रज्ञानात रस आहे" ही ओळ चालणार नाही. "स्वतःच्या सर्व्हरवर फोटो ठेवायचे आहेत आणि बॅकअप कसा घ्यावा ते कळत नाही", "पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या संथ क्वेरी", "जुन्या लॅपटॉपवर लिनक्स" अशा ओळी हव्यात.

हा आग्रह एका कारणासाठी आहे. छोट्या मंचावर सर्वात रुंद नावाचा समुदाय (समुदाय म्हणजे मंचातला एका विषयाचा विभाग), नुसता "टेक्नॉलॉजी", बहुधा बातम्यांचा होतो. कुठल्या कंपनीने काय विकत घेतलं, कोणी किती माणसं काढली, यावर मथळा वाचून दोन ओळी लिहिता येतात. तिथे मतं भरपूर असतात, पण कुणाच्या हाताला तेल लागलेलं नसतं. त्याच मंचावर सेल्फ-होस्टिंगच्या, म्हणजे स्वतःचा सर्व्हर स्वतः चालवणाऱ्यांच्या समुदायात पाहा: कोणी तरी राऊटरची सेटिंग्ज मांडलेली असतात, दुसरा त्यातली चूक दाखवतो, तिसरा स्वतःकडे वर्षभर काय चाललं ते सांगतो. विषय अरुंद असला की ज्याने ते काम केलं आहे तोच बोलायला येतो.

दार निवडणं

छोटे मंच मुख्यतः दोन प्रकारचे आहेत, आणि दोन्हींत शिरायची पद्धत वेगळी.

पहिला प्रकार एकाच जागेवर चालणारा आणि निमंत्रणाने उघडणारा. लॉब्स्टर्स २०१२ पासून आहे. तिथे कोणी कोणाला बोलावलं याचा वृक्ष सगळ्यांना दिसतो, त्यामुळे निमंत्रण देणारा जरा विचार करून देतो. टिल्डीज २०१८ मध्ये सुरू झालं. ते ना-नफा आहे, जाहिराती नाहीत, आणि ते सुरू करणारा आधी रेडिटमध्ये प्रोग्रामर होता. दोन्ही जागा खात्याशिवाय वाचता येतात. म्हणून निमंत्रणाच्या मागे लागण्याआधी दोन आठवडे नुसतं वाचा. जागा आवडली नाही तर धडपड वाचली. लॉब्स्टर्सवर कोणी ओळखीचं नसेल तर त्यांच्या आयआरसी (जुन्या पद्धतीच्या थेट गप्पांच्या) चॅनेलवर जाऊन आधी चार दिवस गप्पांत सामील होणं हा सरळ मार्ग आहे. पहिल्याच वाक्यात निमंत्रण मागणाऱ्याला ते क्वचितच मिळतं, आणि ते योग्यच आहे.

दुसरा प्रकार अनेक सर्व्हर जोडून बनलेला. मास्टोडॉन २०१६ चं, लेमी २०१९ चं. दोन्ही ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलवर, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर चालतात, ज्याला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून मान्यता दिली. इथे खातं एका सर्व्हरवर आणि वाचन सगळीकडे, असं सांगितलं जातं. ते बरंचसं खरं आहे, पूर्ण नाही. सर्व्हरची निवड तीन ठिकाणी जाणवते.

एक, "लोकल" फीड. आपल्याच सर्व्हरवरच्या लोकांचं लेखन तिथे दिसतं. प्रोग्रामिंग डॉट डेव्हसारखा विषयाला वाहिलेला लेमी सर्व्हर किंवा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा फॉस्टोडॉन घेतला तर लोकल फीड हाच एक तयार कट्टा होतो. सर्वात मोठा सर्वसाधारण सर्व्हर घेतला तर लोकल फीड म्हणजे गर्दी.

दोन, तो सर्व्हर कोणाशी जोडलेला नाही. लेमीच्या प्रत्येक सर्व्हरवर जोडलेल्या आणि अडवलेल्या सर्व्हरांची यादी असते, आणि तिचा दुवा पानाच्या तळाशी असतो. ती वाचा. जून २०२३ मध्ये बीहॉ या सर्व्हरने लेमी डॉट वर्ल्डसह दोन मोठ्या सर्व्हरांशी संबंध तोडले होते. खुल्या नोंदणीतून येणारी गर्दी त्यांच्या मोजक्या मॉडरेटरांना झेपत नव्हती. त्या दिवसानंतर दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचं नवं लेखन दिसेनासं झालं. तुमच्या आवडीचा समुदाय जर अडवलेल्या सर्व्हरवर असेल तर तुम्हाला तो कधीच सापडणार नाही, आणि का सापडत नाही हेही कळणार नाही.

तीन, तो किती दिवस टिकेल. लेमीवरचा एक मोठा सर्व्हर, लेम डॉट ईई, जून २०२५ च्या अखेरीस बंद झाला. चालवणारी माणसं थकली होती. म्हणून सर्व्हर घेताना ॲडमिन किती आहेत, खर्चाचा हिशोब मांडतात का, एवढं पाहा. आणि खातं सुरू झाल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या सबस्क्रिप्शनांची फाइल अधूनमधून उतरवून घ्या. लेमीत ही सोय ०.१९ आवृत्तीपासून आहे. सर्व्हर गेला तरी वर्षभर जमवलेली यादी नव्या खात्यात एका मिनिटात चढते.

समुदाय शोधताना "काही सापडलं नाही" याचा अर्थ

लेमीवर शोधाच्या चौकटीत विषय टाकला आणि रिकामं पान आलं की बहुतेक जण तिथेच थांबतात. इथे यंत्रणा कशी चालते ते माहीत असणं फार उपयोगी पडतं. तुमच्या सर्व्हरला जगातले सगळे समुदाय ठाऊक नसतात. तुमच्या सर्व्हरवरच्या कोणा एकाने एखाद्या दूरच्या समुदायाला सबस्क्राइब केलं, तरच तिथलं लेखन तुमच्याकडे येऊ लागतं. "ऑल" नावाचं फीडसुद्धा याच अर्थाने "ऑल" असतं. सर्व्हर जितका छोटा, तितकी ही खिडकी लहान.

उपाय सोपा आहे. लेमीव्हर्स नावाची एक स्वतंत्र निर्देशिका आहे, ती सगळ्या सर्व्हरांवरचे समुदाय एकत्र दाखवते. तिथे विषय शोधा, समुदायाचा पूर्ण पत्ता उचला. हा पत्ता असा असतो: आधी उद्गारचिन्ह, मग समुदायाचं नाव, मग @ आणि शेवटी सर्व्हरचं नाव. तो जसाच्या तसा आपल्या सर्व्हरच्या शोधात टाका. पहिल्यांदा काही सेकंद लागतील, कधी कधी दुसऱ्यांदा शोधावं लागेल, मग समुदाय उघडतो. उघडल्यावर तो ओसाड वाटला तर घाबरू नका: अलीकडच्या थोड्या पोस्ट येतात, पण जुने प्रतिसाद मागे जाऊन आणले जात नाहीत. समुदाय खरा कसा आहे हे पाहायचं असेल तर त्याच्या मूळ सर्व्हरवर जाऊन ब्राउझरमध्ये वाचा. यासाठी तिथे खातं लागत नाही.

आता एकाच नावाचे चार समुदाय चार सर्व्हरांवर सापडतील. लिनक्सचं उदाहरण घ्या, जवळजवळ प्रत्येक मोठ्या सर्व्हरवर एक आहे. कोणता घ्यायचा? सबस्क्रायबरांच्या आकड्यावर जाऊ नका. १२ जून २०२३ला रेडिटवर एपीआयच्या (बाहेरच्या ॲपना रेडिटचा मजकूर देणाऱ्या सोयीच्या) दरांविरुद्ध हजारो समुदायांनी टाळं लावलं, त्या लाटेत लेमीवर लोक धावत आले, भराभर समुदाय उघडले, सबस्क्राइब केले, आणि बरेच परत गेले. आकडे राहिले, माणसं नाहीत. त्याऐवजी बाजूच्या पट्टीत महिन्याभरातले सक्रिय सदस्य दिलेले असतात ते पाहा.

माझी स्वतःची कसोटी आणखी साधी आहे आणि तिने मला आजवर फसवलेलं नाही. समुदायातल्या शेवटच्या दहा पोस्ट उघडायच्या आणि मोजायचं: किती धाग्यांत पोस्ट टाकणारा परत येऊन बोलला आहे? दहापैकी चारांत तो परत आला असेल तर तिथे संभाषण आहे, मग सदस्य दोनशे असोत. दहापैकी शून्य असेल तर ती दुवे चिकटवायची भिंत आहे, सदस्य वीस हजार असले तरी.

आणखी एक बारीक वाट: लेमीवर एकच दुवा दोन-तीन समुदायांत टाकलेला असेल तर पोस्टखाली तशी नोंद दिसते. त्या नोंदीवरून पलीकडच्या समुदायात जाऊन पाहा. तोच लेख, पण तिथले प्रतिसाद वेगळ्याच जातीचे असतात. मला आवडलेले दोन समुदाय शोधातून नव्हे, याच नोंदीवरून सापडले.

मास्टोडॉनवर समुदाय नसतात, तिथे हॅशटॅग हेच काम करतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून हॅशटॅगला फॉलो करता येतं. पाच-सहा अरुंद हॅशटॅग फॉलो करा, आठवड्याने ज्यांत नुसते यांत्रिक खात्यांचे दुवे येतात ते काढून टाका. पूर्ण मजकुराचा शोध तिथे सप्टेंबर २०२३ पासून आहे, पण ज्याने परवानगी दिली त्याचंच लेखन त्यात येतं, आणि सर्व्हरने तो शोध चालू केलेला असावा लागतो. त्यामुळे हॅशटॅग न लावलेली पोस्ट तिथे जवळपास अदृश्य असते. हे वाचतानाही ध्यानात ठेवा आणि लिहितानाही.

क्रम बदला, मंच बदलतो

नव्या माणसाला मी एकच गोष्ट सांगू शकत असेन तर ही सांगेन. लेमीवर फीडचा क्रम "हॉट"वर असेल तर तो हलवा.

"हॉट"चं सूत्र लेमीच्या दस्तऐवजांत उघड दिलेलं आहे. पोस्टला मिळालेल्या मतांचा (व्होटांचा) लॉगरिदम घेतात आणि त्याला पोस्टच्या वयाने भागतात. वय तासांत, त्यात दोन मिळवून, १.८ या घातांकाने वाढवलेलं. गणित करून पाहा. मतं सारखीच असतील तर चोवीस तास जुनी पोस्ट सहा तास जुन्या पोस्टच्या साधारण आठव्या हिश्श्यावर येते. बातमीसाठी हे ठीक आहे. पण ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणाला तरी घरी जाऊन आपली कॉन्फिगरेशन फाइल उघडून पाहावी लागते, त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. तोवर पोस्ट खाली गेलेली असते. म्हणजे जे सर्वात वाचनीय, तेच नेमकं नजरेआड होतं.

दोन क्रम कामाचे आहेत. "न्यू कॉमेंट्स" मध्ये नवा प्रतिसाद आला की धागा वर येतो, जुन्या पद्धतीच्या चर्चांसारखा. सबस्क्राइब केलेल्या समुदायांच्या फीडला हा लावा आणि तोच मंच जिवंत वाटू लागेल. "स्केल्ड" हा डिसेंबर २०२३ च्या आवृत्तीत आला. तो हॉटसारखाच आहे पण कमी वर्दळीच्या समुदायांना वर उचलतो, त्यामुळे मोठ्या समुदायाखाली लहान दबत नाहीत. सकाळी स्केल्ड, रात्री न्यू कॉमेंट्स असा माझा परिपाठ आहे. नवीन समुदायात शिरताना मात्र आधी "टॉप" लावून वर्षभरातलं सर्वोत्तम वाचतो. पहिल्या पाच धाग्यांत तिथल्या माणसांना काय मोलाचं वाटतं ते कळतं.

टिल्डीजवर हालचालीनुसार लावणं हाच मूळ क्रम आहे, काही करावं लागत नाही. लॉब्स्टर्सवर प्रत्येक पोस्टला टॅग लावावाच लागतो, म्हणून नको असलेले टॅग गाळून टाकणं हीच तिथली मशागत. नवे प्रतिसाद एका पानावर ओळीने दिसायचीही सोय आहे. मथळे न पाहता ते पान वाचा. बोलणं कुठे चाललंय ते थेट दिसतं.

माणसांचा माग

इथवर आलात की हाताशी सात-आठ समुदाय असतील. आता खरं काम.

रोजच्या वाचनात एखादा प्रतिसाद थांबवतो. तो कसा ओळखायचा? लिहिणाऱ्याने ते काम स्वतः केलेलं असतं, आणि ते शब्दांत दिसतं: आवृत्तीचा क्रमांक दिलेला असतो, कुठे फसलं ते सांगितलेलं असतं, "माझ्याकडे पन्नासच वापरकर्ते आहेत, तुमच्याकडे वेगळं असेल" अशी मर्यादा घातलेली असते. ठाम आवाजात सर्वसाधारण बोलणारा बहुधा कुठे तरी वाचलेलं सांगत असतो.

असा प्रतिसाद दिसला की लिहिणाऱ्याचं प्रोफाइल उघडा आणि त्याचे मागचे पन्नास प्रतिसाद चाळा. कोणत्या समुदायांत तो परत परत जातो? त्यातल्या एक-दोन नावांशी तुमची गाठच पडलेली नसते, कारण ती तुमच्या शोधशब्दांत बसत नव्हती. डेटाबेसबद्दल सुरेख लिहिणारा माणूस जुनी मापनयंत्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या समुदायात रमलेला असतो, आणि तिथल्या गप्पा तुम्हाला डेटाबेसच्या गप्पांहून जास्त आवडतात. निर्देशिका हे सांगू शकत नाही. मग त्या धाग्यांत त्याच्याशी कोण बोलतंय ते पाहा, त्यांचीही प्रोफाइलं उघडा. दोन संध्याकाळींत दहा-बारा माणसांचा एक गोतावळा दिसू लागतो, जो चार-पाच समुदायांत विखुरलेला आहे आणि एकमेकांना ओळखतो. छोट्या मंचाचा गाभा म्हणजे हा गोतावळा.

लेमीत व्यक्तीला फॉलो करायची सोय नाही. पण प्रत्येक प्रोफाइलला आणि प्रत्येक समुदायाला आरएसएस फीड (नवं लेखन दुसऱ्या ॲपमध्ये आपोआप पोचवणारी सोय) आहे, मास्टोडॉनच्या खात्यांनाही आहे, लॉब्स्टर्सच्या टॅगांनाही. कुठलाही फीड वाचक घ्या आणि ही माणसं एका यादीत ठेवा. आता मंच तुम्ही उघडला नाहीत तरी त्यांचं लेखन चुकत नाही.

टिल्डीजवर याला आणखी एक जोड आहे. तिथे उल्लेखनीय प्रतिसादाला "एक्झेम्प्लरी" हे लेबल देता येतं, सोबत कारणही लिहिता येतं, आणि ते लेबल कोणालाच सारखं सारखं वाटता येत नाही. त्यामुळे ज्या प्रतिसादावर ते दिसतं तो वाचावाच, आणि लिहिणाऱ्याचं नाव टिपून ठेवावं.

आणि नेमाने निघणारे धागे शोधा. लॉब्स्टर्सवर "या आठवड्यात काय करताय" असा धागा वर्षानुवर्षं निघतो. टिल्डीजवर सध्याच्या तांत्रिक प्रकल्पांबद्दलचा निघतो. त्यात बातमी नसते, वाद नसतो, माणसं आपापल्या टेबलावर काय आहे ते सांगतात. गोतावळा ओळखायला याहून चांगली जागा नाही, आणि पहिल्यांदा तोंड उघडायलाही.

वाचनमात्र राहणं आणि मग बोलणं

ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटवरच्या वागणुकीबद्दल एक अधिकृत टिपण निघालं, आरएफसी १८५५. त्यात सांगितलं आहे की एक-दोन महिने नुसतं वाचावं, मगच लिहावं. आज दोन महिने कोणी थांबणार नाही, आणि छोट्या मंचावर एवढी गरजही नाही; पंधरा दिवस पुरतात. पण ते पंधरा दिवस पाळा. युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यावर दर सप्टेंबरात विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत, महिनाभर गोंधळ होई, मग ते रुळत. १९९३ नंतर व्यावसायिक सेवांनी दार सगळ्यांना उघडलं आणि तो सप्टेंबर संपलाच नाही, असं जुने लोक म्हणत आले. पन्नास जणांच्या जागेत पाच उतावळे आले तरी सूर बदलतो.

पहिलं लेखन नवी पोस्ट नसावी, प्रतिसाद असावा. "+१, सहमत" हा प्रतिसाद होत नाही. लॉब्स्टर्सवर तर "मी पण" प्रकारच्या प्रतिसादावर खूण करायला वेगळं कारणच ठेवलेलं आहे. एखाद्या धाग्यात तुमचा स्वतःचा छोटा अनुभव बसत असेल तो लिहा, चार ओळी. "हेच मी जुन्या लॅपटॉपवर करून पाहिलं, तिथे वायफायचा ड्रायव्हर आड आला, नंतर केबल लावून चाललं." एवढ्यावर कोणी तरी नक्की विचारेल, कोणता ड्रायव्हर? झालं, तुम्ही बोलण्यात आलात.

प्रश्न विचारताना मात्र जास्त काळजी घ्या, कारण प्रश्नावरूनच लोक ठरवतात वेळ द्यायचा की नाही. मी स्वतः एकदा विचारलं होतं की रात्रीच्या बॅकअपची वेळमर्यादा कशी वाढवायची. आरसिंक (फायलींची प्रत घेणारा प्रोग्राम) मध्येच थांबत होतं आणि मला वाटत होतं मर्यादा कमी पडतेय. दोघांनी मर्यादेचा पर्याय सांगितला. तिसऱ्याने उलट विचारलं, "पण बॅकअपला आधी किती वेळ लागत होता?" आधी चाळीस मिनिटं लागत होती, आता तीन तासांतही होत नव्हता. त्याने डिस्कची "स्मार्ट" आकडेवारी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) काढून धाग्यात द्यायला सांगितलं. वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा रोज वाढत होता. डिस्क मरत होती. वेळमर्यादा वाढवून मी आणखी आठवडाभर तीच डिस्क रगडली असती.

मी तेव्हा उपायाबद्दल विचारलं, मूळ अडचणीबद्दल नाही. ही चूक इतकी नेहमीची आहे की प्रोग्रामरांत तिला "एक्सवाय प्रॉब्लेम" असं नावच पडलं आहे. म्हणून प्रश्न लिहिताना पहिलं वाक्य शेवटी काय साधायचं आहे त्याचं असू द्या. मग काय केलं, काय घडेल असं वाटलं होतं, काय घडलं. त्रुटीचा (एररचा) संदेश जसाच्या तसा चिकटवा, स्क्रीनशॉट नको, कारण चित्रातला मजकूर शोधता येत नाही. आवृत्त्या द्या. पासवर्ड आणि टोकन त्या मजकुरातून काढायला विसरू नका. आधी काय काय करून पाहिलं तेही सांगा, नाहीतर पहिले तीन प्रतिसाद तेच सुचवण्यात जातात.

आणि उत्तर मिळाल्यावर परत या. काय चाललं, काय चाललं नाही, ते लिहा. मोठ्या मंचावर हे कोणी पाहत नाही. छोट्या मंचावर तोच माणूस उद्याही तिथे आहे, आणि आपण सांगितल्याने कोणाचं काम झालं हे कळणं एवढंच त्याचं मानधन. डिस्क बदलून झाल्यावर मी तसं लिहिलं, तेव्हा त्या धाग्यात आणखी तिघांनी आपापल्या डिस्कची आकडेवारी तपासून टाकली. एकाची मरणपंथाला लागलेली निघाली.

स्वतःचा प्रकल्प किंवा लेख टाकायचा असेल तर लॉब्स्टर्सचा अंदाज सगळीकडे लावा: स्वतःबद्दलचं लेखन एकूण सहभागाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी असावं. तीन ठिकाणी दुसऱ्याच्या कामावर मनापासून बोललात की चौथ्या ठिकाणी तुमचं लोक आवडीने वाचतात.

लिहिण्याआधी माहीत असाव्यात अशा दोन गोष्टी

जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यात पोस्ट पुसली तरी ती सगळीकडून पुसली जाईलच याची खात्री नसते. पुसण्याचा निरोप पाठवला जातो, दुसरा सर्व्हर तो पाळेल अशी अपेक्षा असते, एवढंच. खासगी संदेशही तिथे टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात आणि सर्व्हर चालवणाऱ्याला तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. लेमीवर दिलेली मतंसुद्धा (व्होट) ॲडमिनला दिसतात. नोकरीच्या ठिकाणच्या सर्व्हरची नावं, आतले पत्ते, सहकाऱ्यांबद्दलच्या तक्रारी यांपैकी काहीही तिथे लिहू नका.

दुसरं, लेमी आणि लॉब्स्टर्स दोन्हींवर मॉडरेटरांनी काय काढलं, कोणावर बंदी घातली, याची नोंदवही सर्वांसाठी खुली असते. नव्या समुदायात रमण्याआधी ती एकदा चाळा. स्पॅम आणि शिवीगाळ काढलेली दिसली तर छान. शांतपणे मतभेद मांडणाऱ्यांचे प्रतिसाद काढलेले दिसले तर तिथे वेळ घालवू नका, तोच विषय दुसऱ्या सर्व्हरवर असतो.

समुदाय चांगला पण शांत असेल तर

हे वारंवार होईल. विषय नेमका तुमचा, जुने धागे उत्तम, पण शेवटची पोस्ट तीन आठवड्यांपूर्वीची. सोडून जाण्याआधी सहा आठवडे द्या. दर आठवड्याला एक पोस्ट टाका, दुवा असला तर सोबत स्वतःचा एक परिच्छेद आणि शेवटी एक खरा प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हाला हवं आहे. येणाऱ्या प्रत्येक प्रतिसादाला त्याच दिवशी उत्तर द्या. न्यू कॉमेंट्स लावून वाचणारे बरेच असतात, त्यांना धागा वर आलेला दिसतो. ज्या जुन्या धाग्यातला प्रश्न अनुत्तरित राहिला आहे आणि तुम्हाला आता उत्तर माहीत आहे, तिथेही लिहा. विचारणाऱ्याला सूचना जाते, आणि वर्षभराने उत्तर आल्यावर आनंदाने परत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

सहा आठवड्यांत एकही ओळखीचं नाव तयार झालं नाही तर त्याच विषयाचा दुसऱ्या सर्व्हरवरचा समुदाय बघा, आणि तिथे आपल्या जुन्या समुदायातल्या लोकांना यायचं निमंत्रण द्या. समुदायाचा मॉडरेटरच महिनोन्‌महिने दिसत नसेल तर बाजूच्या पट्टीत त्याचं नाव असतं, आधी त्याला संदेश पाठवा. आठवडाभर उत्तर आलं नाही की सर्व्हरच्या ॲडमिनना लिहा, समुदायाचं नाव, मॉडरेटर शेवटचा कधी दिसला आणि तुम्ही तिथे काय काय लिहिलं आहे त्याचे दोन-तीन दुवे द्या, आणि सांभाळायची तयारी आहे असं सांगा. अनेक सर्व्हरांवर यासाठी वेगळा समुदायच असतो, आणि मागणी तिथेच करायची असते.